एक मूठ जास्त

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. पितळेची, हातभर रुंद, काठ गोल वळवलेली. तुमच्या घरात आता माझ्या स्टीलच्या पुतण्या असतात. त्या हलक्या असतात, चकचकीत असतात, हातातून निसटल्या की खणखणतात आणि लगेच गप्प होतात. मला वजन आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही आहे. भरल्या नाट्यगृहात दिव्यांच्या झोतात बसून आलेली दुसरी परात तुमच्या ओळखीत असेल, असं मला वाटत नाही. ते सगळं कसं झालं, हे आठवलं की आजही माझा काठ शहारतो.

माझा जन्म नंदुरबारच्या जुन्या बाजारात एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला ठोकून ठोकून आकार दिला. मध्येच तो थांबायचा, नखाने टिचकी मारायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आवाज मनासारखा आला नाही की पुन्हा हातोडी. शेवटी एकदा टिचकी मारल्यावर तो हसला आणि बायकोला म्हणाला, "बोलाले लागनी हाई!" त्यानंतर चारच दिवसांत एक शेतकरी आला आणि आपल्या मुलीच्या लग्नात द्यायला मला घेऊन गेला. मुलीचं नाव तापी. बैलगाडीत रुखवताच्या भांड्यांवर उपडी बसून मी तळोद्याजवळच्या एका गावात तिच्या सासरी आले.

तापीबाई अंगाने काडीसारखी, पण कणीक मळायला बसली की माझ्यावर अशी झुकायची, की जमिनीला हादरे बसत. तिच्या हाताखाली मी लग्नाकार्याच्या पोळ्या पाहिल्या, उन्हाळ्यातल्या कुरडयांचा चीक पाहिला. तिची दोन्ही बाळं माझ्यातच न्हाली. जगदीश पाणी लागलं की भोकाड पसरायचा. ममता मात्र दोन्ही हातांनी पाणी उडवायची आणि माझ्या काठावर थापा मारून हसायची. चिंच आणि राख लावून तापीबाई मला घासायची, तेव्हा तिचा चेहरा माझ्यात पिवळाधमक दिसायचा. मग मिक्सर आला, स्टील आलं, गॅस आला, आणि मी माळ्यावर गेले. तिथे पाली, जुनी गादी आणि मी. पालींशी बोलण्यासारखं काही नसतं.

पण श्रावणात मला खाली उतरवावंच लागे. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. नारळाला नथ घालून, शालू नेसवून तिला चौरंगावर मांडतात. रात्रभर बायका गाणी म्हणतात. त्या आधी रोटाचे गहू मोजायचे असतात, आणि आमच्या घरी ते पितळेतच मोजायचे, स्टीलमध्ये नाही. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक मूठ आणि वर चिमूटभर. त्या गव्हाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात. ते घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. मूठ कमी पडली किंवा जास्त पडली, तर सगळा रोट बाटला असं समजतात. मला याचं नेहमी हसू येई. देवी बाई, गाणी म्हणणाऱ्या बाया, चुलीपुढे भाजून निघणाऱ्या बाया, आणि मुठी मात्र साऱ्या पुरुषांच्या! पण परातीला कोण विचारतो?

नावं घ्यायचं काम तापीबाईच्या नवऱ्याचं, मोतीलालचं. तो ओसरीवर खाटेवर बसायचा, घराकडे पाठ करून, आणि असा आवाज लावायचा की जणू नंदुरबारच्या स्टेशनवर गाडी येतेय. "पितांबर!" म्हणाला की आत तापीबाई पितांबरची मूठ टाकायची. "जगदीश! गोकुळ! अजित!" भाऊ, मुलगा, पुतणे, सगळे ओळीने यायचे. आख्ख्या गल्लीला कळायचं की मोतीलालच्या घरात पुरुष किती. शेवटचं नाव झालं की तो उठून शेताकडे निघून जाई. त्याने मूठ पडताना कधी वळून पाहिलं नाही. पाहायचं काम त्याचं नव्हतं.

ममता मोठी झाली. नंदुरबारला राहून नर्सचं शिकली आणि तिथल्याच दवाखान्यात लागली. तिथे तिच्याबरोबर इमॅन्युएल काम करायचा. विसरवाडीकडच्या ख्रिस्ती शेतकरी घरातला मुलगा, शांत स्वभावाचा. ममताने त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं. दुसरी एखादी चिठ्ठी ठेवून गेली असती. ही घरी आली, बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी सांगीसन जाई ऱ्हायनू. पळीसन नही."

मोतीलालने तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं म्हणाला, "आजपाईन हाई नाव ह्या घरमा कोनी लेवानं नही." मोतीलालचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या दिवसापासून त्या घरात कुणी ममता म्हटलं नाही. जगदीशकडे कधी तिचा फोन यायचा. तो शेतातून आला की आईजवळून जाताना हळूच म्हणायचा, "बरी शे." तापीबाई मान हलवायची. एवढ्यावर ती माउली महिने काढायची.

मित्रांनो, आता जे सांगते ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

ममता गेली त्या वर्षी श्रावणात मोतीलालची नावं संपली. तो उठला, चपला घातल्या, निघून गेला. तापीबाई मात्र बसून राहिली. मग तिने टोपलीत हात घातला, एक मूठ भरली, वर चिमूट घेतली, हात अगदी खाली आणला आणि ते गहू बाकीच्या ढिगावर अलगद सोडले. तुम्हाला सांगते, पितळेवर गहू पडला की वाजतो, पण गव्हावर गहू पडला की आवाज बसतो. तिने हे बरोबर हेरलं होतं. पुरुषांच्या मुठी छन् छन् पडत, ही एक मूठ चोरपावलांनी यायची. तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. दर श्रावणात हेच. सगळं घर त्या मुठीचा रोट खायचं, मोतीलाल तर दोन घास जास्तच खायचा, आणि कुणाला पत्ता नसायचा.

मला तिची कमाल वाटायची. देवाधर्माला एवढी भिणारी बाई, आणि रीत मोडत होती ती थेट देवीच्या पुढ्यात!

पुढे जगदीशचं लग्न झालं. सून आली योगिता. ती गावातल्या शाळेत शिकवते आणि नाटकाचं तिला भारी वेड. तळोद्यातल्या काही बायका जमवून तिने एक नाट्यमंडळ काढलं होतं. त्यात भाजी विकणारी होती, शिलाईवाली होती, आणि भुरीबाई होती. भुरीबाई मोलगीच्या वरच्या डोंगरातली. तळोद्यात वसतिगृहात स्वयंपाक करायची. तिचा आवाज असा, की उकळत्या डाळीच्या दहा पातेल्यांवरून पोरींना हाक मारली तरी शेवटच्या खोलीत ऐकू जाई.

एका श्रावणात तापीबाईची बोटं सुजून आखडली. मूठ वळेना. तिने योगिताला माझ्यापुढे बसवलं. ओसरीवरून नावं आली, योगिताने मुठी टाकल्या. नावं संपली, मोतीलाल गेला, आणि योगिता हात झटकून उठायला लागली.

"आखो एक टाक," तापीबाई म्हणाली.

"कोनी?"

"टाक ना माय."

योगिताने मूठ भरली. तिला कुठे ठाऊक की ही मूठ ढिगावर अलगद सोडायची? तिने ती वरून, माझ्या मोकळ्या काठाजवळ टाकली. मी वाजले! एवढ्या वर्षांत ममताची मूठ पहिल्यांदा वाजली. तापीबाईने दचकून ओसरीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग ती माझ्या काठाला धरून रडायला लागली. पदर तोंडात कोंबून रडत होती आणि म्हणत होती, "मी नही ऱ्हासू तव्हय हाई मूठ कोन टाकी व?"

योगिताला सगळं समजलं. तिने सासूचे सुजलेले हात हातात घेतले. सासू-सुनेची भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत. या दोघीही मिठावरून भांडत. पण त्या दिवसापासून त्या एका गुपिताच्या दोन राखणदार झाल्या.

पुढच्या हिवाळ्यात योगिताने नाटक लिहायला घेतलं. तिने आधी विचारलं. "आई, ती मूठनं लिखू का?" तापीबाई तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "लिख. पन नाव लिखू नको. तुन्हा सासरा देखाले ई."

नाटकात आईचं काम भुरीबाईला दिलं. सगळ्या बायकाच असल्यामुळे नावं घेणारा बाप रंगमंचावर दिसायचाच नाही. विंगेतून फक्त त्याचा आवाज यायचा, आणि तो आवाज योगिता काढायची. सासऱ्याची नक्कल तिला इतकी हुबेहूब जमली की पहिल्या तालमीला बायका हसून लोटपोट झाल्या. अडचण एकच होती. गहू स्टीलच्या परातीत पडले की पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाटायचं. तेव्हा तापीबाईने स्वतः मला माळ्यावरून उतरवून घेतलं, आखडलेल्या बोटांनी चिंच लावून घासलं आणि पोत्यात गुंडाळून तळोद्याला तालमीच्या हॉलमध्ये आणलं.

भुरीबाईने माझ्यात पहिली मूठ टाकली आणि हॉलमधल्या सगळ्या जणी चूप झाल्या. मीही चकित झाले. घरात मी एवढी कधी वाजले नव्हते. की वाजत होते आणि ऐकणारं कुणी नव्हतं, कोण जाणे. भुरीबाई हुशार. प्रत्येक मूठ ती वेगळ्या जागी टाकायची, म्हणजे दर वेळी मोकळं पितळ लागेल. शेवटची मूठ मात्र योगिताने सांगितल्याप्रमाणे ती ढिगावर गुपचूप सोडायची.

एके दिवशी ती मध्येच थांबली. "मास्तरीणबाई, ही आई एवढी चोरून का टाकते?"

"घरात त्या मुलीचं नाव घ्यायला बंदी आहे," योगिता म्हणाली.

"आमच्यात पूजेला मोहाची दारू सांडतात ना, तेव्हा मेलेल्याचं पण नाव घेतात. एकेकाला बोलावतात." भुरीबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "ही तर जिती आहे ना?"

कोपऱ्यात बसलेली तापीबाई उठली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेली.

मग तो दिवस आला. नंदुरबारच्या नाट्यगृहात बायकांनी लिहिलेल्या नव्या नाटकांचा मेळा होता. आमचा प्रयोग दुपारचा. मला आधीच नेऊन रंगमंचाच्या मधोमध ठेवलं होतं. मित्रांनो, तिथलं काय सांगू! एक कापडी भिंत, एक लाकडी उंबरा, एक खोटी चूल. सकाळी दोघी जणींनी मिळून उभं केलेलं ते घर, आणि दिव्याचा झोत पडला की त्यात खरोखर कुणी तरी राहतंय असं वाटायला लागायचं. शिलाईवाली बाई विंगेत थरथरत होती. रंगमंचावर पाय ठेवला आणि तिची चालच बदलली. मी बाजारातून आलेली, चुलीपाशी रमलेली, माळ्यावर पडलेली साधी परात. मला वाटलं, या जागेत काही तरी आहे, आणि आपण इथे नीट बसलं पाहिजे.

पडदा उघडला. समोर काळोख आणि त्या काळोखात शेकडो माणसांचा श्वास. पहिल्या रांगेत मला मोतीलाल दिसला. सुनेचं नाटक म्हणून धोतर-टोपी कडक इस्त्रीची, मांडीवर हात, ताठ मान. शेजारी तापीबाई. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

विंगेतून नावं सुरू झाली. मोतीलालचा आवाज, मोतीलालची लय! त्याला एवढा आनंद झाला की शेजारच्या माणसाला कोपर मारून तो म्हणाला, "अस्सच! मी बी आसंच म्हनस!" भुरीबाईने मुठी टाकल्या. छन्, छन्. मोतीलाल बोटांच्या पेरांवर मोजत होता. सवय जाते थोडीच? नावं संपली. विंगेतला आवाज थांबला. भुरीबाईने ओसरीकडे पाहिलं, टोपलीत हात घातला आणि हळूच एक मूठ ढिगावर सोडली.

आयुष्यभर पाठ करून बसलेल्या त्या माणसाने मूठ पडताना पहिल्यांदाच पाहिली होती. तो विसरला की हे नाटक आहे. त्याला दिसला बाटलेला रोट. तो अर्धवट उठला आणि ओसरीवरच्या आवाजात ओरडला, "ओ बाई! एक मूठ जास्त पडनी!"

नाट्यगृह खो खो हसलं. मागे कुणी टाळ्या वाजवल्या, कुणाला वाटलं हा नाटकातलाच माणूस. मोतीलाल ओशाळून खाली बसू लागला. आणि तेवढ्यात त्याच्या शेजारची खुर्ची वाजली.

तापीबाई उभी राहिली होती.

"जास्त नही पडनी," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण त्या जागेत लहान आवाजही लांब जातो. "ती मन्ही आंडेरनी मूठ शे. मन्ही ममतानी."

आंडेर म्हणजे मुलगी. एवढ्या वर्षांत त्या बाईने मोतीलालच्या समोर ते नाव पहिल्यांदा उच्चारलं, आणि उच्चारलं ते शेकडो लोकांपुढे. हसू जागच्या जागी थांबलं. विंगेत योगिता दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. आता पुढे काय करायचं, हे तिने लिहिलेलं नव्हतं.

भुरीबाईने तापीबाईकडे पाहिलं. मग तिने टोपलीतून आणखी एक मूठ भरली, हात उंच धरला आणि म्हणाली, "ही मोगराबाईची. माझी बहीण. गुजरातला ऊस तोडायला गेली, परत आली नाही." आणि ती मूठ तिने माझ्या मोकळ्या पितळावर सोडली. मी वाजले.

मग मधल्या रांगेतून एक बाई म्हणाली, "फुलीबाई." भुरीबाईने मूठ टाकली. बाल्कनीतून आवाज आला, "आशा." मूठ पडली. मग मागून, बाजूने, दारात उभ्या असलेल्यांमधून. मुलींची नावं, बहिणींची नावं, एकीने तर स्वतःचंच नाव घेतलं. कुणी अहिराणीत, कुणी डोंगरातल्या पावरीत, कुणी इथल्या आदिवासींच्या कोकणी बोलीत दोन शब्द जोडले. एका म्हातारीने नाव घेतलं आणि सांगितलं, "नाव ठेवाना पहिलेच गयी ती, मीच मनमा ठेवेल व्हतं." भुरीबाई प्रत्येकीसाठी मूठ टाकत होती. ढीग वाढत गेला. माझं पितळ झाकत गेलं. शेवटी मोकळी जागा उरलीच नाही आणि माझा आवाज बंद झाला. मग फक्त नावं ऐकू येत राहिली. मित्रांनो, मी पितळेची आहे, मला रडू येत नाही. पण तेवढे गहू अंगावर घेताना जे वाटलं त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. मी इतकी भरलेली कधीच नव्हते.

मोतीलाल मान खाली घालून बसला होता. उठून गेला नाही, एवढं खरं.

परतताना जीपमध्ये मी मागे, सामानात. कोणकोणत्या गावांच्या पाट्या मागे पडल्या कोण जाणे, मला फक्त पोत्याची आतली बाजू दिसत होती. गाव जवळ आलं तेव्हा मोतीलालचा आवाज आला, "कव्हयपाईन टाकस ती मूठ?"

"ती गयी तव्हयपाईन," तापीबाई म्हणाली.

त्यानंतर तो गप्प झाला तो महिनोन् महिने. जेवायचा, शेतात जायचा, बैलांशी बोलायचा, घरात बोलायचा नाही. योगिताला वाटलं आपण घर मोडलं. तापीबाई म्हणायची, "ऱ्हाऊ दे. गव्हाले बी उगाले टाइम लागस." पण तिलाही झोप लागत नव्हती. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. नाट्यगृहात तिने नाव घेतलं, पण घरात अजून ते कुणीच घेतलेलं नव्हतं.

मला मात्र त्या दिवसांत फुरसत नव्हती. नाटक गाजलं आणि मंडळ गावोगाव निघालं. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी आमचा प्रयोग उघड्यावर झाला. बाजार करून डोंगरात परतणाऱ्या बाया मिठाच्या पिशव्या डोक्यावर घेऊनच थांबल्या आणि त्यांनीही नावं दिली. विसरवाडीला प्रयोग संपल्यावर एक बाई रंगमंचाजवळ आली. तिने काही न बोलता माझ्या काठावर तळहाताने थाप मारली. ती थाप मी लगेच ओळखली.

नाव कळल्यावर योगिताने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "ताई, श्रावणात घरी चला. आईंची बोटं आता चालत नाहीत."

ममताने डोळे पुसले. पण ती बापाचीच मुलगी. म्हणाली, "मी सांगून गेले होते वहिनी. येईन तीही सांगून येईन, लपून नाही. बाबांनी नाव घेतलं तर त्याच पावली येईन."

श्रावण आला. मला घासून खाली मांडलं. मोतीलाल नेहमीप्रमाणे ओसरीवर खाटेवर बसला, पाठ घराकडे. योगिता गहू घेऊन बसली तेव्हा तापीबाईने तिला बाजूला सारलं आणि स्वतः माझ्यापुढे बसली. बोटं वळत नव्हती, तरी तिने एकेक मूठ टाकली. पितांबर, जगदीश, गोकुळ, अजित. सगळ्या मुठी तिने एका बाजूला टाकल्या. माझी दुसरी कड मोकळी ठेवली. शेवटचं नाव झालं. मोतीलाल उठायला लागला.

तापीबाईने मूठ भरली आणि हात माझ्यावर उंच धरून बसली. टाकली नाही.

"बठा," ती म्हणाली. "मूठ भरेल शे. नाव ल्या."

"नावे सरनात."

"नही सरनात. एक ऱ्हायनं."

आखडलेल्या बोटांतून दोन-चार दाणे निसटून माझ्यावर पडले. तिला सोपं होतं. हात खाली आणून ढिगावर सोडून दिलं असतं तर नेहमीसारखं सगळं पार पडलं असतं. पण आता तिला चोरून टाकायची नव्हती. योगिताने तिच्या कोपराला आधार द्यायला हात पुढे केला. तिने मानेनेच नको म्हटलं.

ओसरीवर खाट करकरली. मोतीलाल उठला. मला वाटलं, गेला. पण चपलांचा आवाज आला नाही. तो अनवाणी आत आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. पहिल्यांदा तो घराकडे तोंड करून उभा होता. त्याने बायकोचा उंच धरलेला हात पाहिला, सुजलेली बोटं पाहिली.

"ममता," तो पुटपुटला.

"ऐकू नही ऊनं," तापीबाई म्हणाली. "बाकीना नावे तुम्ही आख्खी गल्लीले ऐकाडतस."

मोतीलालने टोपी काढली. ती हातात चुरगाळली. आणि मग त्या माणसाने असा आवाज लावला, की समोरच्या घरातली माणसं ओट्यावर आली.

"ममता!"

तापीबाईने मूठ उघडली.

मित्रांनो, आता तुमच्याकडे एक मागणं आहे. जुनी भांडी मोडीत घालू नका, महिन्यातून एकदा चिंच लावा, हे तर मी सांगेनच. माझं वय झालंय. पण त्याहून मोठं मागणं हे, की घरात जेव्हा सगळ्यांची नावं घेतली जातील तेव्हा उठून जाण्याची घाई करू नका. थोडं थांबा. आई, आजी, काकू, कुणाची तरी मूठ अजून हवेत असेल. तिला विचारा, ही कोणाची? आणि तिने नाव सांगितलं की ते मोठ्याने घ्या. पुटपुटू नका.